सख्ख्या भावाचा बांध

आमच्या नाशिकच्या शाळेत दर वर्षी कथाकथनाची स्पर्धा होते आणि मराठीची बाई म्हणून परीक्षकाच्या खुर्चीत मला बसवतात. निम्मी मुलं लोभी माणसाची गोष्ट सांगतात. लोभी माणूस खजिना खणायला जातो आणि त्याच खड्ड्यात पडतो, किंवा दुसऱ्याच्या ताटातला लाडू उचलतो आणि तोच त्याच्या घशात अडकतो. मग मूल हात जोडून तात्पर्य सांगतं, पालक टाळ्या वाजवतात आणि मी गुण देते. आवाजाला, हावभावाला, पाठांतराला. खरेपणाला गुण द्यायचे असते तर मी एकालाही पास केलं नसतं.

कारण लोभी माणूस मी घरात पाहिलेला आहे. गोष्टीत त्याचा निकाल लावायला पाऊण पान पुरतं. आमच्या थोरल्या काकांना मात्र वर्षानुवर्षं काहीही झालं नाही. साधा गुडघाही कधी दुखला नाही.

आमची शेती सायखेड्याच्या बाजूला. आजोबांनी जाण्याआधी दोन्ही मुलांना जमीन सारखी वाटून दिली, थोरल्याला पूर्वेची आणि माझ्या वडिलांना पश्चिमेची, आणि मधे बांध. मी लहान असताना त्या बांधावरून बैलगाडी जायची. आम्ही पोरं त्यावर हातात हात घालून चालायचो. आज त्यावरून एकट्या माणसालाही एकापुढं एक पाऊल टाकत जावं लागतं. बाकीचा बांध माझ्या काकांनी खाल्ला.

शहरातल्या वाचकाला हे सांगावं लागेल. बांध खाणं, म्हणजे कोरणं, हे कुऱ्हाडीचं काम नाही, धीराचं आहे. नांगरटीच्या वेळी शेवटचं तास, म्हणजे नांगराची कडेची ओळ, घेताना नांगर बांधाला जरा घासून न्यायचा. वर्षाला दोन-चार बोटं, जास्त नाही. दोन-चार बोटांवरून कोणी भांडत नाही, आणि भांडलाच तर लोक त्यालाच हलका म्हणतात. उन्हाळ्यात गवत काढायच्या निमित्तानं कुदळ घ्यायची आणि हराळीबरोबर थोडी मातीही आपल्याकडं ओढायची. पावसात बाकीचं आपोआप ढासळतं. बांध फारच अरुंद झाला की माझे वडील चालायला वाट हवी म्हणून आपल्या बाजूनं हातभर जमीन न नांगरता सोडायचे. त्या सोडलेल्या जमिनीचा बांध व्हायचा आणि काका पुन्हा पलीकडून कोरायला मोकळे. असा तो बांध दर वर्षी थोडा थोडा आमच्या घराकडं सरकत आला.

"बाबा, सरकारी मोजणी आणा," असं मी वडिलांना किती वेळा सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "सख्ख्या भावाच्या बांधावर मोजणी आणायची? गाव तोंडात शेण घालंल. मातीच हे ती, कुठं जाणार हे?" ती कुठं जात होती ते त्यांना रोज दिसत होतं. वडिलांचं हे गप्प बसणं मला काकांच्या हावरेपणाइतकंच चिडवायचं. अजून चिडवतं.

काकांना गरज होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. द्राक्षाचा बाग होता, दुमजली घर होतं, दारात गाडी होती. पण हात आखडलेला आणि डोळा दुसऱ्याच्या ताटात. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याचं पान देताना ते पान मधोमध फाडून दोघांना द्यायचे. नाशिकला माझ्याकडं आले की मिसळ खायला घेऊन चल म्हणायचे आणि रस्सा हवा तितका मिळतो म्हटल्यावर पिशवीतून डबा काढायचे. वाढणारा माणूस माझ्याकडं बघायचा आणि मी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडं. घरी जाऊन काकूंना सांगायचे, "रातच्या कालवणाची सोय झाली." वर हसायचे. लाज नावाची गोष्ट त्यांच्या वाटणीला आली नसावी, किंवा आली असेल तर तीही त्यांनी वाचवून ठेवली असेल.

अशा माणसाच्या पोटी माझा चुलतभाऊ जन्मला हे मला अजून कोडं आहे. एकुलता एक. माझ्याहून लहान, मला ताई म्हणतो. शेतीचं शिकलेला, निर्व्यसनी, बोलायला मऊ. बागेचं सगळं तोच बघायचा. काका फक्त बांधाचं बघायचे.

आणि या पोराचं लग्न जमत नव्हतं. यात नवल नाही, आमच्याकडं गावागावात अशी पोरं बसून आहेत. मुलीच्या बापाला जावयाच्या नावावर शेती लागते, पण शेतात राबणारा जावई नको असतो. पुण्यात नोकरी आहे का, नाशिकला फ्लॅट आहे का, हे आधी विचारतात. भावाची तिशी उलटली, कानाजवळ केस पिकायला लागले. काकू दर मंगळवारी उपास धरायला लागल्या. तो स्वतः काही बोलायचा नाही, पण दुसऱ्यांच्या लग्नाला जायचं त्यानं बंद केलं होतं. घरात दुसरा विषय नव्हता. याचं लग्न झालं तर घर पुढं चालणार, नाहीतर एवढा मळा शेवटी कोणासाठी, हे काकांनाही कळत होतं.

मग वणीकडचं एक स्थळ आलं. भावकीतलेच एक गृहस्थ मध्यस्थ होते. मुलगी बापाबरोबर रोपवाटिका चालवत होती, भाजीपाल्याची रोपं तयार करून शेतकऱ्यांना विकायची, आणि तिला शेतकरीच नवरा हवा होता. मध्यस्थांनी हे सांगितलं तेव्हा काकूंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पाहुणे यायच्या दिवशी मी सकाळीच नाशिकहून गेले. घराला नवा रंग लागला होता. सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढू का, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "राहू दे, मळंल." पाहुणे त्या प्लॅस्टिकवर बसले आणि हलले की ते करकरायचं. पोहे झाले, चहा झाला. मुलगी आणि भाऊ ओट्यावर जाऊन बोलत बसले. मी पाणी द्यायच्या निमित्तानं गेले तर दोघं टोमॅटोच्या रोपांना कोणती माती मानवते यावर बोलत होते आणि दोघांचे चेहरे खुलले होते. इतक्या वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं.

मुलीचे वडील उठले. साधा, उन्हात रापलेला माणूस. म्हणाले, "चला, मळ्यात एक चक्कर मारू."

काकांना तेच हवं होतं. बाग दाखवत, हात लांबवत ते पुढं चालले. "हे इथून पार तिकडपर्यंत आपलंच." माझे वडील थोडे मागं, मी त्यांच्याबरोबर. चालत चालत सगळे बांधाशी आले आणि मुलीचे वडील थांबले.

शेतकऱ्याला बांध वाचता येतो. आमच्या बाजूला बांधाचा उतार जुना होता, हराळी दाट माजलेली. काकांच्या बाजूला तो भाकरीची कड उंदरानं कुरतडावी तसा उभा तुटलेला, गवताची मुळं हवेत लोंबत होती. त्या माणसानं बांधावर पाय ठेवून पाहिला. चार पावलं तोल सांभाळत गेला, परत आला.

"पलीकडं कोणाचं हे?"

"धाकट्या भावाचं," काका म्हणाले.

"सख्ख्या?"

"सख्ख्याच की."

पाहुण्यांनी माझ्या वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी मान खाली घातली, जणू बांध त्यांनीच कोरला होता. परत येऊन पाहुण्यांनी चहाचा दुसरा कप नको म्हटला आणि कळवतो म्हणून गाडीत बसले.

निरोप मध्यस्थांनी आणला. "पोरगा चांगला हे. पण ज्यानं सख्ख्या भावाला सोडलं नाय, तो माझ्या पोरीला काय सोडंल?"

काकांना आधी हे कळलंच नाही. "पोरगी द्यायला आला होता का बांध बघायला?" मग कळलं तसे ते माझ्या वडिलांवर उलटले. "तूच कानात सांगितलं असशील." वडिलांनी पुन्हा मान खाली घातली, त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. मीच म्हणाले, "काका, बांधानं सांगितलं." त्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला ते बरंच झालं.

पण मुलगी हट्टी निघाली. घरात ती अडून बसली, हाच मुलगा म्हणाली. काही दिवसांनी तिच्या वडिलांनी दुसरा निरोप धाडला. बांध होता तसा रुंद करा, भावाचं भावाला द्या, मी पुन्हा येतो, मग बोलू. एवढंच. हुंडा नको, मानपान नको. सुटकेची इतकी सोपी वाट देव सगळ्यांना देत नाही.

भावाचा जीव भांड्यात पडला. तो स्वतःच फावडं घेऊन निघाला होता, पण बागेत वेलींच्या खरड छाटणीची घाई होती आणि काका म्हणाले, "तू बागेचं बघ. बांध मी करतो. माझ्याच हातानं केला पाहिजे." त्यानं विश्वास ठेवला. बापावर पोरानं विश्वास ठेवावा यात त्याची काय चूक?

पाहुणे दुसऱ्यांदा आले तेव्हा मुलगीही मळ्यात चालली. मीही होते. बांध खरंच रुंद झाला होता. लांबूनच लाल मुरमाचा पट्टा दिसत होता, पसरलेला, वरून चोपलेला, गाडी जाईल असा. भावानं माझ्याकडं बघितलं आणि तो लहान मुलासारखा हसला.

जवळ गेलो तेव्हा खरं दिसलं.

काकांच्या बाजूला बांध तसाच होता. तोच उभा तुटका कडा, त्याच लोंबत्या मुळ्या. मुरूम सगळा आमच्या बाजूला टाकला होता. वडिलांची मेथी उगवून आली होती, तिचे बांधालगतचे वाफे मुरमाखाली गेले होते. माणूस आपला एकुलता एक मुलगा उजवायला बांध रुंद करतो, आणि तोही भावाच्या जमिनीत. स्वतःच्या वावरातली एक वीत द्यायची म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप पलीकडं गेला असणार. त्यांना ते जमलंच नाही. मी नंतर पुष्कळ विचार केला, तरी दुसरं कारण सापडलं नाही.

मुलगी खाली बसली. तिनं हातानं मुरूम बाजूला सारला. खालची मेथी पिवळी पडून चपटली होती. ती उचलून तिनं विचारलं, "ही कोणी दाबली?"

काका पुढं होऊन म्हणाले, "रुंद करा म्हणले होते, केला रुंद. आता काय?"

"रुंद केला खरा," मुलीचे वडील म्हणाले. "तुमच्या वावरातलं घमेलंभर तरी दिलं का?"

काकांनी इकडं तिकडं पाहिलं. "त्यानं कुठं तक्रार केली?" असं म्हणून त्यांनी माझ्या वडिलांकडं बोट केलं.

मुलगी अजून खालीच बसली होती आणि भावाकडं बघत होती. तिला उत्तर त्याच्याकडून हवं होतं. तो म्हणाला, "आमच्या वडलांनी दाबली. मी बघायला पाहिजे होतं." मग तोही खाली बसला आणि मुरूम उपसायला लागला. ती उठली नाही. बाकीचे आम्ही उभे होतो आणि ती दोघं एका वाफ्यावरचा मुरूम हातानं बाजूला करत होती. काका म्हणाले, "अरे, मेथीच्या हजारभर गड्ड्या थोड्याच गेल्यात." कोणी त्यांच्याकडं पाहिलंही नाही.

लग्न मोडलं नाही. पण जमलं ते वेगळंच.

बाकीचा सगळा मुरूम उचलून नेल्यावर, पुढच्या महिन्यात भाऊ नाशिकला माझ्या घरी आला. म्हणाला, "ताई, ते पोरगी द्यायला तयार हेत. पण आमच्या घरी पाठवणार नाहीत. मीच तिकडं राहायला जावं म्हणतात. रोपवाटिका आम्ही दोघांनी बघायची."

"मग?"

"घरजावई म्हणतील. गाव हसंल."

"हसू दे. गाव तुझ्यासाठी मंगळवार धरत नव्हतं."

"बापाला टाकून जायचं जड जातंय, ताई."

मला राग आला. त्याच्यावर नाही. मी म्हणाले, "तुझ्या बापाला मुलगा आणि वीतभर जमीन यातलं एक निवडायला सांगितलं होतं. त्यांनी निवडलं. आता तू निवड." बोलल्यावर वाईट वाटलं, कारण तो रडायला लागला. तरी ते शब्द मी मागं घेतले नाहीत.

त्यानं घरी सांगितलं तेव्हा काका काय म्हणाले, ते मला काकूंकडून कळलं. ते म्हणाले, "जायचं तर जा. जमीन कुठं जातीय?"

लग्न मुलीकडच्यांनी नाशिकजवळच्या एका लॉन्सवर केलं. मुलाचे वडील म्हणून काकांना मानाचा फेटा बांधला. फेटा आपल्यालाच ठेवायचा का परत द्यायचा, हे त्यांनी मला, बोलणं सोडलेलं असतानाही, येऊन विचारलं. ठेवायचा म्हटल्यावर समाधानानं जेवायला बसले. पोरगा निरोप घेऊन वणीच्या गाडीत बसला तेव्हा काकू हमसून रडत होत्या आणि काका उरलेल्या जिलेबीचं काय करणार याची चौकशी करत होते.

मग पहिला हंगाम आला. द्राक्षाच्या वेलीला घड खूप लागले की त्यातले बरेच काढून टाकावे लागतात, तरच उरलेले पोसतात. भाऊ हे दर वर्षी करायचा आणि काका घरात चरफडत बसायचे. आता अडवणारं कोणी नव्हतं. मजूर बाया विरळणीला आल्या तर काकांनी त्यांना परत पाठवलं. "धरलेला माल तोडून फेकायचा? येडे हेत का आम्ही?" भावानं वणीहून फोन करून सांगितलं, विनवलं. काका म्हणाले, "तू तुझी रोपं बघ." सगळे घड वेलींवर राहिले. बाग लांबून असा लगडलेला दिसायचा की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. मणी मात्र वाटाण्याएवढेच राहिले, आंबट, पाणचट. व्यापारी आला, एक मणी तोंडात टाकला, थुंकला आणि गाडीत बसला. वेलींचं सगळं बळ त्या घडांनी ओढलं. पुढच्या साली निम्म्या वेली फुटल्याच नाहीत, त्याच्या पुढच्या साली बाग काढावा लागला. तारा आणि लोखंडी अँगल भंगारात गेले.

काकू आता बरेचसे दिवस वणीलाच असतात. नातू झाल्यापासून तर त्यांना गावी यायची आठवणच होत नाही. भाऊ दर सणाला वडिलांना न्यायला येतो. काका जात नाहीत. इकडं वावर उघडं टाकून कसं यायचं, म्हणतात. वावरात काही नाही, तरी.

शेवटी जमीन पडीक राहायला लागली तेव्हा कसायला कोणी मिळेना. गावात कोणी त्यांच्याशी वाट्यानं करायला तयार नव्हतं, कारण वाटणी करताना काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझे वडील तयार झाले. मी फोनवर त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, "भाऊ हे. वावर असं पडलेलं बघवत नाय."

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी होते. नांगरटीचा दिवस होता. वडिलांनी आमचं वावर नांगरून घेतलं आणि ट्रॅक्टर घेऊन बांधाशी आले. काका पलीकडं उभे होते, खांद्यावर टॉवेल, अंग पार वाळलेलं. वडील खाली उतरले.

"दादा, मधला बांध काढून टाकू का? आता दोन्हीकडं मीच हे. ट्रॅक्टरला वळायला बरं पडंल."

मला वाटलं, काका हसतील, किंवा आयतीच जमीन वाढते म्हणून खूष होतील. सगळा जन्म त्यांनी ज्यासाठी कुदळ चालवली, ते काम माझे वडील ट्रॅक्टरच्या एका फेरीत करून देत होते.

काकांनी घाईघाईनं हात हलवला. "नको, नको. राहू दे तेवढा."

"कशाला, दादा? काय उपयोग हे त्याचा?"

काकांनी त्या अरुंद मातीकडं पाहिलं, मग दोन्ही बाजूच्या वावरांकडं. आवाज अगदी बारीक झाला होता. "बांध नसला तर माझं कुठपर्यंत हे ते मला कसं कळायचं?"

मला खरं तर मोठ्यानं हसायचं होतं. तोंड उघडलंही. पण वडिलांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी ते मिटलं. काका थट्टा करत नव्हते. घरात विचारायला बायको नव्हती, दाखवायला मुलगा नव्हता, आणि आपलं किती आहे हे सांगणारी ती वीतभर मातीच त्यांच्यापाशी राहिली होती.

"बरं," वडील म्हणाले. ते ट्रॅक्टरवर चढले आणि बांधाच्या दोन्ही अंगांना हातभर जमीन सोडून त्यांनी नांगर घातला. ऊन डोक्यावर आलं तरी काका तिथून हलले नाहीत.